पीसीओएस आहे आणि वजन टिकत नाही, तर नेमकं काय करायचं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडून घेते. वय २६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. घर सांगलीकडे, नोकरी हिंजवडीत, राहणं पीजीत आणि दोन्ही वेळचं जेवण डब्याचं. पाळी पन्नास-साठ दिवसांनी येते, हनुवटीवर जाड केस येतात, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पीसीओडी (पीसीओएसचंच दुसरं प्रचलित नाव, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनशी निगडित त्रास) लिहून आलंय. गेल्या वर्षी पोळी-भात बंद करून आणि सकाळचं खाणं सोडून तुम्ही दोन महिन्यांत ५ किलो उतरवले, पुढच्या चार महिन्यांत ७ परत आले. डॉक्टर म्हणाले, "आधी वजन कमी करा, मग बघू." घरचे स्थळं बघताहेत. आणि तुम्ही विचारताय की पीसीओएसमध्ये वजन खरंच कमी होतं का, गहू-भात-दूध कायमचं सोडावं लागेल का, आणि औषधानं काम होईल का.

मी आहारतज्ज्ञ आहे. बरीच वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बरोबरीनं काम करते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पीसीओएसच्या मुलीच जास्त असतात. त्यामुळे आहार आणि व्यायामाबद्दल मी मोकळेपणानं सांगेन. औषधांबद्दल जे माहीत असायला हवं ते सांगेन, पण ती द्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

तुम्ही लिहिलंय, "माझं वजन उतरतच नाही." पण तुमच्याच माहितीनुसार ते उतरलं होतं, दोन महिन्यांत ५ किलो. म्हणजे तुमचं शरीर वजन सोडतं. अडचण आहे ती सोडलेलं वजन टिकण्याची. हा फरक मी मुद्दाम दाखवतेय, कारण त्यावरून उपाय बदलतो. आणखी कडक डाएट शोधण्यात अर्थ नाही. वर्षभर निभेल अशी व्यवस्था बसवायची आहे, आणि तीही पीजीतल्या, डब्यावरच्या, नऊ-दहा तास खुर्चीत बसण्याच्या आयुष्यात.

त्याआधी निदानाबद्दल. अंडाशयात बारीक बारीक बिजांडकोश दिसले म्हणजे पीसीओएस, एवढं ते सोपं नाही. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: पाळी लांबणं किंवा अनियमित असणं, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत तसं दिसणारं अंडाशय. तुमच्याकडे पहिल्या दोन दिसताहेतच. पण अशीच लक्षणं दुसऱ्या कारणांनीही येतात, आणि ती कारणं बाजूला काढल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. तुमच्या मजकुरात थायरॉइडचा उल्लेख कुठेच नाही. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासलंय का? १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची तपासणी (अशीच लक्षणं देणारा एक जन्मजात विकार बाजूला काढण्यासाठी) लागेल का, हेही डॉक्टरांना विचारा. नसेल झालं तर नवा आहार सुरू करण्याआधी हे उरकून घ्या.

साखरेची तपासणी करताना फक्त उपाशीपोटीचा आकडा घेऊन थांबू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची जी तपासणी असते ती करा. पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर नॉर्मल आणि दोन तासांची वाढलेली, असं होऊ शकतं. सोबत कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि बी१२. बऱ्याच जणी उपाशीपोटीचं इन्शुलिन (रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हार्मोन) मोजून येतात आणि त्या आकड्यानं घाबरलेल्या असतात. माझ्या कामात त्या आकड्यामुळे सल्ला बदलत नाही. मानेवरची काळी, मखमली झालेली त्वचा आणि कंबरेचा घेर मला जास्त सांगून जातात. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी असं धरतात, आणि बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) २३ च्या वर गेला की जास्त वजन, २५ च्या वर स्थूलता. तुमचा बीएमआय साधारण २९.६ येतो.

आता वजन का वाढतं आणि हट्टीपणा का करतं, ते. पीसीओएस असलेल्या बहुतेकींमध्ये कमी-अधिक प्रमाणात इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती असते. घरातल्या एका माणसाला कमी ऐकू यायला लागलं की बाकीचे आवाज चढवून बोलायला लागतात, तसं शरीर इन्शुलिन वाढवतं. स्नायू आणि यकृत ऐकत नाहीत म्हणून आवाज चढतो, पण अंडाशयाचे कान मात्र ठीक असतात. त्याला तो चढलेला आवाज पुरेपूर ऐकू येतो आणि ते पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लागतं. त्याच वेळी यकृतात, ते हार्मोन रक्तात बांधून ठेवणारं जे प्रथिन बनतं, त्याचं प्रमाण घटतं. म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, बिजांड पूर्ण वाढत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. पोटाभोवती चरबी साठली की इन्शुलिनची दाद आणखी कमी होते आणि हेच चक्र पुन्हा जोरात फिरतं.

तुमची पीसीओएस नसलेली मैत्रीण तेवढ्याच काळात ८ किलो उतरली म्हणून तुम्ही स्वतःला आळशी म्हटलंय. ते खोडून टाका. तुमचे प्रयत्न तिच्यापेक्षा कमी नव्हते. तुम्ही वेगळ्या शरीरानिशी प्रयत्न करत होतात. मोनाश विद्यापीठाच्या पुढाकारानं २०२३ मध्ये आलेल्या पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत एक गोष्ट ठळकपणे आहे: वजनावरून मिळणारी वागणूक, टोमणे आणि लाज यांचाही या मुलींच्या तब्येतीवर परिणाम होतो, आणि उपचार करणाऱ्यांनी त्याचं भान ठेवायला हवं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण लाजेपोटी केलेला आहार उपाशी राहण्याकडे झुकतो, आणि तिथूनच गाडी घसरते.

गेल्या वर्षी नेमकं काय घडलं असावं, तेही सांगते. सकाळी काळा चहा किंवा कॉफी, दुपारी डब्यातली नुसती भाजी आणि काकडी, संध्याकाळी सहापर्यंत कसंबसं. मग ऑफिसातून निघताना किंवा पीजीवर पोचल्यावर जी भूक लागते ती आवरता येत नाही, आणि ती आवरावी अशी अपेक्षाही करू नये. तिथे फरसाण, वडापाव, मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक, जे समोर असेल ते जातं. सोमवार ते शुक्रवार उपाशी आणि शनिवार-रविवार सुटलेलं, हे माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं चित्र आहे. शिवाय पोळी-भात काढला पण त्याजागी डाळ, अंडं, पनीर असं काही आलं नाही. प्रथिनं कमी, व्यायाम नाही, आणि खाणं एकदम तुटलेलं असेल तर उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायू म्हणजे साखर वापरणारी शरीरातली सगळ्यात मोठी जागा. ती आकसली की वजन परत येताना चरबीच्या रूपानं येतं, आणि तुम्ही सुरुवातीपेक्षा थोड्या मागे जाऊन पोचता.

पहिलं लक्ष्य कुठलं, तर सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के. तुमच्यासाठी ५ टक्के म्हणजे ३.७ किलो, १० टक्के म्हणजे ७.४. एवढंसं वजन उतरलं तरी पाळी, साखर आणि पुरुषी हार्मोन सुधारतात हे बऱ्यापैकी पक्कं आहे. ५८ किलोचं स्वप्न आत्ता डोळ्यांसमोर ठेवू नका. सहा महिन्यांत ७० किंवा ६९ झालं आणि पुढचे सहा महिने तिथेच राहिलं, तर मी त्याला मोठं यश म्हणेन. वेग महिन्याला एक-दीड किलो, मध्ये एखादा महिना काहीच नाही. पाळीचं अंतर ५५ दिवसांवरून ४० वर आलं तर काटा हलला नसला तरी काम चालू आहे असं समजा. हे अनेकदा वजनाच्या आधी होतं.

आता खाणं. पीसीओएससाठी अमुकच एक आहार श्रेष्ठ ठरलेला नाही. कीटो, कमी कर्बोदकांचा, भूमध्यसागरी, सोळा तास उपाशी राहण्याचा, यांतला कुठलाही दुसऱ्यापेक्षा कायमस्वरूपी सरस आहे असा पुरावा नाही. खाणं गरजेपेक्षा थोडं कमी, दिवसाला साधारण ५०० कॅलरींनी, आणि ते तुम्हाला चालवता आलं पाहिजे. त्यामुळे गहू सोडायचा का, याचं उत्तर नाही. सिलिअ‍ॅकसारखा, गव्हानं आतड्याला इजा होणारा आजार नसेल तर काही गरज नाही. दूध सोडायचं का? तेही नाही. शाकाहारी मुलीच्या ताटातून दही-ताक काढलं तर प्रथिनं आणायची कुठून? दुधानं तुम्हाला मुरुमं वाढताना दिसत असतील तर महिनाभर बंद करून बघा, फरक नसेल तर परत सुरू करा. भात सोडायचा का? नाही, पण त्याची जागा आणि माप बदलायचं.

डब्याकडे वळू, कारण तुमची खरी लढाई तिथेच आहे. साधारण डबा असा असतो: तीन-चार पोळ्या, एक बटाट्याची किंवा रस्सा भाजी, पातळ आमटी, भात. त्यात पिष्ट भरपूर, भाजीत तेल सढळ आणि प्रथिनं माझ्या अंदाजानं १५-२० ग्रॅम. दिवसभराचं जुळवलं तर ४० च्या आसपास. तुम्हाला मी दिवसाला ६० ते ७० ग्रॅमपर्यंत न्यायला सांगेन (मूत्रपिंडाचा त्रास नाही असं धरून). डबा देणाऱ्या काकूंना एवढंच सांगा: दोन पोळ्या किंवा एक ज्वारीची भाकरी, आमटी घट्ट आणि दुप्पट, आठवड्यातून तीन-चारदा उसळ, मटकी, मूग, चवळी, हुलगे काहीही. भाताऐवजी जास्तीची भाजी. बहुतेक काकू ऐकतात. त्यांचा तांदूळ वाचतो.

जे डब्यात येणार नाही ते खोलीवर ठेवायचं. अंडी चालत असतील तर उकडलेली दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम प्रथिनं, पीजीतल्या इलेक्ट्रिक किटलीतही उकडता येतात. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम. भाजलेले चणे-फुटाणे, सोया वडी, घट्ट दही. मासे-चिकन खात असाल तर डब्याच्या काकूंकडे आठवड्यातून दोनदा मागून घ्या, तळलेलं नको. शेंगदाणे चांगलेच, पण मूठभर म्हणजे ३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी असतात. पिशवी घेऊन लॅपटॉपसमोर बसलं की चार मुठी कधी जातात कळत नाही. वाटीत काढून घ्या आणि पिशवी कपाटात ठेवा.

सकाळचं खाणं परत सुरू करा. सकाळी भूक न लागणाऱ्या आणि रात्री साडेआठनंतर न खाणाऱ्या मुलीला दुपारी बारापर्यंत उपाशी राहणं मानवतं, अशा काही जणी माझ्याकडे आहेत. पण तुमचा संध्याकाळचा तोल सकाळीच बिघडतो, म्हणून तुम्हाला मी ते सांगणार नाही. पोहे चालतील का? चालतील, पण पोहे आणि चहा एवढंच झालं तर अकराला पुन्हा पोट ओरडतं. अर्धी प्लेट पोहे आणि दोन अंडी, किंवा पोह्यांत मोड आलेली मटकी आणि सोबत वाटीभर दही. मुगाचं धिरडं, बेसनाचा पोळा, कालच्या भाकरीबरोबर घट्ट दही आणि जवसाची चटणी. जवसावरून आठवलं: महिन्याच्या ठरावीक दिवसांत ठरावीक बिया खायच्या अशी जी पद्धत सध्या चालू आहे, तिनं पाळी सुधारते असं मला दिसलेलं नाही. जवस, तीळ, कारळे चवीसाठी आणि तंतूंसाठी रोज खा, कॅलेंडर नको.

संध्याकाळी पाचचं खाणं हे दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं खाणं आहे, असं मी सगळ्यांना सांगते. भूक लागायच्या आधी खायचं. फुटाणे आणि फळ, किंवा ताक आणि उकडलेलं अंडं, किंवा पनीरचे तुकडे काकडीबरोबर. हे एकदा जमलं की रात्रीचं जेवण आपोआप आवरतं. चहाची साखर मोजा. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे १३०-१६० कॅलरी, सोबतची खारी-बिस्किटं वेगळी. चहा बंद करू नका, दोनवर आणा, साखर अर्धा चमचा करा. तीन आठवड्यांत जीभ बदलते.

आणि उपवास. संकष्टी, चतुर्थी, गुरुवार, नवरात्र. तुमच्या घरी पाळत असतील तर पाळा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, तूप आणि कूट घातल्यावर एका प्लेटला ४००-५०० कॅलरी सहज होतात, आणि उपवासाच्या दिवशी ती दोनदा खाल्ली जाते. वऱ्याचा भात थोडा आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, पनीर, फळ असा उपवास करा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: काहीही कायमचं बंद नाही, दर खाण्यात प्रथिनं, पोळी-भात मोजून, सकाळ आणि संध्याकाळ पाच या दोन वेळा चुकवायच्या नाहीत. पहिले तीन आठवडे फक्त एवढंच करा. व्यायाम, झोप, काटा सगळं एकाच सोमवारी सुरू केलं की पुढच्या सोमवारी सगळं एकत्र बंद पडतं.

व्यायामात मला पहिल्यांदा ताकदीचा हवा. चालणं चांगलंच आहे, पण तुमच्या प्रश्नात फक्त "रोज १० हजार पावलं" आहे आणि त्यानं भागणार नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस, लागोपाठ नाही, स्नायूंना वजन पेलायला लावणारा व्यायाम. जिम परवडत नसेल तर खोलीतच खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीवर आणि मग टेबलावर हात टेकून पुश-अप, पाठीवर झोपून कंबर उचलणं, सॅकमध्ये पुस्तकं भरून ती ओढणं-उचलणं. दहा-बारा वेळा केल्यावर शेवटचे दोन-तीन जड जायला हवेत. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवा. सूर्यनमस्कार येत असतील तर घाला, पण त्यांनी पायांवर पुरेसा भार येत नाही, म्हणून उठ-बस सोडू नका. हे केल्यानं "बाईमाणूस दंडाळ दिसेल" अशी भीती तुमच्या आईला वाटेल. दंड असे फुगत नाहीत, अगदी टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त असलं तरी.

एकूण हालचालीचं माप तब्येत राखण्यासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि वजन उतरवायचं असेल तर निदान २५० मिनिटांपर्यंत जा असं ते २०२३ चे मार्गदर्शक म्हणतात. आकडा मोठा वाटेल, पण दोन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चाललात तर त्यातली २१० मिनिटं तिथेच होतात. जेवणानंतर चालण्याचा खास फायदा असा की काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात हा आडमार्ग फार मोलाचा आहे. हिंजवडीतल्या ऑफिसच्या आवारात दुपारी जेवून फेऱ्या मारणाऱ्या मुली असतात, त्यांच्यात सामील व्हा.

झोपेबद्दल थोडंच. रात्रपाळी किंवा अमेरिकेच्या वेळेचे कॉल असतील तर निदान झोपेची वेळ रोज एकच ठेवा. मोठ्यानं घोरत असाल, सात-आठ तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील तर डॉक्टरांना सांगा. पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जास्त आढळतो आणि तो तसाच राहिला तर वजनावर कितीही काम करा, अंग साथ देत नाही.

मनाचं मात्र थोडक्यात उरकणार नाही. पीसीओएसच्या मुलींमध्ये उदासी आणि चिंता जास्त असते, हे मार्गदर्शक सूचनांतही आहे आणि रोज समोरही दिसतं. तुम्ही लिहिलंय की रविवारी रात्री खोलीचं दार लावून खाता आणि नंतर रडू येतं. हे कधीतरी होत असेल तर वर सांगितलेल्या नियमित खाण्यानं बरंच कमी होईल. पण आठवड्यातून एकदा किंवा जास्त, महिनोन् महिने होत असेल, किंवा खाऊन उलटी काढत असाल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक, आहार नंतर. अशा वेळी मी स्वतः कॅलरी मोजायला देत नाही. मोजणं त्या आजाराला खतपाणी घालतं.

काटा आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी, उपाशीपोटी. तुमची पाळी कधी येणार हेच ठरलेलं नसल्यानं पाळीआधी अंगात साचणारं पाणी एक-दीड किलो कधीही दाखवू शकतं. म्हणून एका आकड्यावर रडायचं नाही, चार आठवड्यांची सरासरी बघायची. कंबर महिन्यातून एकदा, बेंबीच्या रेषेत, त्याच टेपनं. मोबाइलमध्ये पाळीच्या तारखा. हनुवटीच्या केसांवर मात्र लवकर फरक शोधू नका, केसांच्या वाढीचं चक्र लांब असतं, उपचार लागू पडतोय का हे कळायला निदान सहा महिने लागतात. तोवर थ्रेडिंग, लेझर जे परवडेल ते करा. थ्रेडिंगनं केस दाट होत नाहीत.

औषधं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध इन्शुलिनच्या बाजूनं काम करतं, साखर आणि पाळीला मदत करतं, पण त्यानं उतरणारं वजन थोडंसंच असतं. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून डॉक्टर कमी मात्रेपासून हळूहळू वाढवतात आणि जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. लांब काळ चाललं तर बी१२ तपासत राहा, शाकाहारी असाल तर नक्कीच. इनोसिटॉल या पूरकाच्या पुड्या आता जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर असतात. त्यानं नुकसान फारसं नाही, वजनावर उपयोगाचा पुरावाही तोकडा आहे. महिन्याचं बजेट कमी असेल तर तेच पैसे मी अंडी, पनीर आणि डाळीवर घालायला सांगेन. डिटॉक्स चहा, चरबी जाळणाऱ्या पावडरी, पंधरा दिवसांचे रस, यांना हात लावू नका.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवण्याची इंजेक्शनं भारतात आली आणि तेव्हापासून तुमच्यासारख्या खूप जणी त्यांच्याबद्दल विचारतात. त्यांनी वजन खरंच उतरतं, आणि ज्यांची साखर वाढलेली आहे किंवा वजनामुळे इतर त्रास सुरू झालेत त्यांच्यासाठी तो योग्य मार्ग असू शकतो. पण ती महाग आहेत, बंद केल्यावर वजन बहुतेकींचं परत चढतं, आणि प्रथिनं-व्यायाम नसेल तर स्नायू झडतात. गरोदरपणात ती चालत नाहीत, मूल हवं असेल तर काही आठवडे आधी थांबवावी लागतात, आणि मौंजारोमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. लग्नाचं बोलणं चालू असताना हा हिशेब डॉक्टरांशी उघडपणे करायला हवा. मैत्रिणीच्या ओळखीच्या मेडिकलमधून आणून टोचून घ्यायची ही वस्तू नाही.

तुमच्या डॉक्टरांच्या "आधी वजन, मग बघू" याच्याशी मी सहमत नाही. पाळीचे उपचार वजनासाठी थांबवायचे नसतात. पाळी ९० दिवसांच्या पुढे जात राहिली तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे जाऊन त्यात धोकादायक बदल होऊ शकतात. असं झालं तर लगेच जा आणि पाळी आणण्यासाठी औषध मागा, वजन ७४ असो की ८४. पाळी नियमित करायला आणि केस आटोक्यात ठेवायला हार्मोनच्या एकत्रित गोळ्या हा पहिल्या पसंतीचा उपाय मानतात. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन होणारी अर्धशिशी, रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास, वाढलेला रक्तदाब यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, मग त्या गोळ्या चालत नाहीत. तुमचे डॉक्टर ऐकून घेत नसतील तर दुसरं मत घ्या.

हे सगळं २६ वर्षांच्या, ७४ किलोच्या, डब्यावर राहणाऱ्या तुमच्यासाठी आहे. हे वाचणारी कुणी सडपातळ असून पीसीओएस असलेली असेल तर तिनं वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. ताकदीचा व्यायाम आणि प्रथिनं तिलाही लागू, खाणं कमी करणं नाही. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या आईनं नुसत्या सोनोग्राफीवरून घाबरू नये. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत तसं अंडाशय निरोगी मुलींमध्येही दिसतं, म्हणून त्या वयात निदानासाठी सोनोग्राफी धरत नाहीत.

लग्नाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय की मूल होईल ना. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होतं, काहींना आपोआप, काहींना बिजांड तयार होण्याच्या गोळ्यांच्या मदतीनं. उलट एक गोष्ट मुलींना कुणी सांगत नाही: वजन चार-पाच किलो उतरलं, पाळी जवळ यायला लागली की बिजांड सुटायला लागतं, आणि ते पाळी येण्याच्या आधी सुटतं. "मला कुठं लगेच राहणार" असं धरून चाललेल्यांना तेव्हाच दिवस जातात. मूल इतक्यात नको असेल तर गर्भनिरोधक वापरा. हवं असेल तर दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना भेटून फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, चालू असलेली औषधं दाखवा आणि साखरेची ती दोन तासांची तपासणी पुन्हा एकदा करून घ्या.